दाढ पक्की आहे, तिला जपा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. पण माझ्यात बघून तुम्हाला भांग पाडता येणार नाही. माझा चेहरा कोटाच्या बटणाएवढा गोल, आणि त्याला वीतभर पोलादी दांडा, मानेत किंचित वाकवलेला. दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर जी पहिली वस्तू तुमच्या तोंडात शिरते ती मी. मी टोचत नाही, कापत नाही, ओढत नाही. फक्त बघतो आणि बघितलेले दाखवतो. तरीही मला पाहून भल्याभल्यांची दातखीळ बसते, आणि मग त्यांना ‘आ करा, आ करा’ अशी विनवणी करावी लागते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. घरातल्या आरशाचा चकचकीत मुलामा काचेच्या पाठीमागे असतो. माझा मात्र पुढे, अगदी तोंडावर. मुलामा मागे असला की जवळून पाहताना एकाच वस्तूच्या दोन पुसट प्रतिमा दिसतात, आणि दाताच्या कामात एकाचे दोन दिसून कसे चालेल? हा मान मिळाला खरा, पण मुलामा वरच असल्याने ओरखडाही चटकन पडतो. आम्ही बारा भावंडे पुठ्ठ्याच्या एका खोक्यात, कापसावर निजून, एका दवाखान्यात येऊन पोहोचलो.

दवाखाना म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली होती. खालून दिवसभर शिवणयंत्राची घरघर यायची आणि वर आमच्या यंत्राची. डॉक्टरीणबाई नुकत्याच शिकून आल्या होत्या. पहिल्या दिवशी पहिले आले ते एक निवृत्त मुख्याध्यापक. बाईंनी मला उचलले, तर मी त्यांच्या बोटांत थरथरू लागलो. मुख्याध्यापकांनी उघडलेले तोंड मिटले आणि म्हणाले, “बाई, घाई नाही. आधी तुम्ही पाणी प्या.” बाई पाणी प्यायल्या, हसल्या, आणि त्यानंतर त्यांचा हात कधी थरथरला नाही. एकदा सोडून. ती हकिगत पुढे येणारच आहे.

माझ्या कामाची एक रीत आहे. तोंडात शिरलो की श्वासाच्या वाफेने मला काहीच दिसेनासे होते. म्हणून बाई मला आधी गालाला आतून हळूच घासून घेत. गालाइतका ऊबदार झालो की मी पुन्हा लख्ख. काम झाले की धुऊन वाफेच्या पेटीत. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात मी कधी तसाच गेलो नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो, छाती नसली तरी.

तुम्ही म्हणता, हातच्या काकणाला आरसा कशाला? बरोबर आहे. पण ज्याने ही म्हण केली त्याची दाढ दुखत नसावी. काकण दिसते, दाढ दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते माणसे घासत नाहीत, हे मला पहिल्या महिन्यातच कळले. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणतात. माणसांचेही तसेच आहे. दाखवायचे दात घासघासून चकचकीत, आणि खायच्या दातांवर कालचे जेवण. मोठमोठ्याने बोलणारे वकील माझ्यापुढे ‘आ’च्या पलीकडे गेले नाहीत, आणि त्यांच्या दाढांनी मला सगळे सांगून टाकले. कोणी दातांच्या फटी टाचणीने कोरत होते. एक शिक्षिका बोलताना नेहमी तोंडावर हात धरायच्या, कारण तोंडाला वास येतो असे कोणीतरी त्यांना म्हणाले होते. त्यांच्या दातांवर पिवळे दगडासारखे किटण बसले होते आणि जीभ त्यांनी कधी साफ केलीच नव्हती. बाईंनी किटण काढले, जीभ घासायला शिकवले. तिसऱ्या खेपेला त्या शिक्षिका दोन्ही हात मांडीवर ठेवून बोलत होत्या.

कौतुकही माझ्या वाट्याला आले. तंबाखू खाणाऱ्या एका ट्रकचालकाच्या जिभेच्या कडेला, अगदी खाली, एक पांढरा चट्टा मी दाखवला. तो दुखत नव्हता, म्हणून त्यांना ठाऊकच नव्हता. बाईंनी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोन वर्षांनी ते बरे होऊन फुलांचा हार घेऊन आले. बाई म्हणाल्या, “मला नको, याला घाला.” मग तो हार माझ्या ट्रेभोवती ठेवला गेला आणि मी दिवसभर फुलांच्या वासात काम केले. त्या दिवसापासून मला थोडा गर्व झाला. आपण दाखवले की झाले, असे मला वाटू लागले. पण दाखवले कोणाला, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडे एक सलून होते. एकच खुर्ची आणि एकच कारागीर. कारागीर म्हणजे मोठे बोलके गृहस्थ. त्यांची मुलगी बारकी. बारकीची आई दुसऱ्या गावी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि महिन्यातून दोन दिवस घरी यायची. त्यामुळे बारकीचा डबा, अभ्यास, वेणीफणी सगळे बाबांकडे. केस हाच ज्यांचा धंदा त्यांनी घातलेल्या वेण्या त्या. तेवढा सरळ भांग सगळ्या शाळेत कोणाचा नव्हता. शाळा सुटली की बारकी सलूनमध्ये येऊन बसायची. तिथे आरशाखाली गोळ्यांची एक बरणी होती. लहान मुलांनी मान न हलवता केस कापून घेतले की एक गोळी, असा दुकानाचा नियम. बारकी तर दुपारभर मान न हलवताच बसलेली असायची.

एका सकाळी सलूनवाले स्वतःच्या हिरड्या दाखवायला आले, बारकीला घेऊन. ब्रश लावला की रक्त यायचे, म्हणून त्यांनी ब्रश सोडून नुसते बोट फिरवायला सुरुवात केली होती.

“अहो, रक्त येतं म्हणून घासणं सोडलंत, आणि घासणं सोडलंत म्हणून रक्त येतंय,” बाई म्हणाल्या. “मऊ ब्रश घ्या. हिरडीकडून दाताकडे हळू फिरवा. थांबेल.”

मग बारकीने हट्ट धरला की मलाही वर-खाली होणाऱ्या खुर्चीत बसायचे आहे. बाईंनी तिला बसवले आणि स्वच्छ करून ठेवलेला मी पुन्हा हातात आलो. बारकी तेव्हा साडेसहा वर्षांची होती. उजवीकडे खाली, सगळ्यांच्या मागे, एक नवीकोरी दाढ नुकतीच हिरडीतून वर आली होती. पांढरीशुभ्र, आणि डोक्यावर खोल खाचा. त्यातल्या एका खाचेत केसाएवढी तपकिरी रेघ. मी ती दाखवली आणि बाईंनी पाहिली. एवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. सायकलवरून पडला होता आणि रक्ताने भिजलेला रुमाल त्याने तोंडावर धरला होता. बाई घाईने उठल्या आणि मास्कमधूनच सलूनवाल्यांना म्हणाल्या, “मागची दाढ पक्की आहे. तिला जपा.”

“म्हणजे काय मॅडम, जपणारच!” सलूनवाले म्हणाले, आणि मुलीचा हात धरून जिना उतरले.

लहानपणचे ते दुधाचे दात आणि कायमचे ते पक्के दात, अशी आमच्याकडे बोलायची पद्धत. बाईंना वाटले, सांगायचे ते सांगून झाले. मलाही तसेच वाटले.

त्यानंतर दहा महिने गेले. रस्त्यापलीकडून बारकीचे हसणे कधीकधी आमच्या खिडकीपर्यंत यायचे. मग एका सकाळी ती आली ती न हसता. उजवा गाल टम्म सुजला होता, त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला होता, आणि तिने बाबांचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता.

“मॅडम, काढून टाका,” सलूनवाले आल्या आल्या म्हणाले. “दोन दिवस पोर जेवली नाहीये. दुधाचीच तर दाढ आहे. पडायचीच आहे, आज काय नि उद्या काय!”

बाईंनी मला आत नेले. मी पाहिले आणि मला वाईट वाटले. त्या केसाएवढ्या रेघेची आता विहीर झाली होती.

“मी तुम्हाला सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या, “की दाढ पक्की आहे.”

“तेच तर म्हणतोय मी! तुम्हीच म्हणालात पक्की आहे. पक्की म्हणजे मजबूत. मी तिच्या आईलाही फोनवर सांगितलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या दाढ पक्की आहे, काही काळजी नाही. मग ही किडली कशी?”

बाईंनी मला तोंडाबाहेर घेतले. “आणि मी म्हटलं होतं, तिला जपा.”

“जपतोच आहे की हिला!” सलूनवाल्यांचा आवाज चढला. त्यांनी बारकीच्या डोक्यावर हात ठेवला. “साधा ताप आला तरी दुकान बंद ठेवतो. वेण्या मी घालतो, डबा मी करतो. अजून कसं जपायचं असतं हो, मॅडम?”

तेव्हा, मित्रांनो, मी बाईंच्या बोटांत थरथरलो. मुख्याध्यापकांनंतर पहिल्यांदाच. बाईंनी ‘तिला’ म्हटले ते दाढेला, आणि बाबांनी ऐकले ते बारकीला. बाई म्हणाल्या ‘पक्की’, म्हणजे कायमची, आणि बाबांना वाटले भक्कम. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते, आणि मधल्या मध्ये दाढ मात्र पोखरली गेली.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “मी नीट सांगायला हवं होतं. तेव्हाच खाच बुजवायला हवी होती. पण आज मी ही दाढ काढणार नाही. ही दुधाची नाही. ही गेली की पुन्हा यायची नाही.”

“सात वर्षांच्या पोरीला कायमची दाढ?” सलूनवाल्यांनी मान हलवली. “पुढचे दोन पडले, तेव्हा नवे आले. मागचं तर काहीच पडलं नाही अजून. जुनी पडल्याशिवाय नवी येईल कशी?”

“ही कोणाच्या जागेवर येत नाही. सगळ्यांच्या मागे, मोकळ्या जागेत येते. म्हणून तर फसगत होते.”

सलूनवाल्यांना काही ते पटेना. मुलीच्या डोळ्यांत पाणी होते, आणि एका ओढीत तिचे दुखणे थांबेल एवढेच त्यांना दिसत होते. त्यांनी हात जोडले. “राग मानू नका मॅडम, पण काढाच.”

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि एकदा खिडकीबाहेर, सलूनच्या पाटीकडे.

“पुढून कोणीही कापेल, कारागीर मानेवर कळतो. असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता ना?”

“सांगतो.”

“केस कापून झाले की गिऱ्हाइकाला उठू देण्याआधी काय करता?”

“मागे आरसा धरतो. त्याला त्याची मान दिसायला नको?”

“मग धरा,” बाई म्हणाल्या. त्यांनी सलूनवाल्यांना हात धुवायला लावले, हातमोजे चढवले आणि मला त्यांच्या बोटांत दिले.

इतक्या वर्षांत बाईंखेरीज मला कोणी हातात धरले नव्हते. पण काय सांगू, तो हात आरसे धरण्यात मुरलेला होता. कोणत्या तिरकेपणात काय दिसते हे शिकायला बाईंना सहा महिने लागले होते. सलूनवाल्यांना दोन श्वास पुरले. सुजलेल्या गालाला धक्काही न लावता त्यांनी मला आत नेले आणि मी त्यांना त्यांच्या मुलीच्या तोंडाची मागची बाजू दाखवली.

“आता मधल्या फटीपासून मोजा,” बाई म्हणाल्या. “दुधाचे दात एका बाजूला पाच असतात. पाचाच्या पुढे दुधाचा दात नसतो.”

“एक,” सलूनवाले म्हणाले. बारकीने आ तसाच ठेवून एक बोट वर केले. “दोन. हा सुळा, तीन. चार.” बारकीची चार बोटे वर झाली. “पाच.” तिचा अख्खा पंजा उघडला. मग सलूनवाल्यांनी मला आणखी मागे सरकवले, आणि बारकीने हळूच दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला.

सलूनवाल्यांनी मधल्या फटीपासून पुन्हा एकदा मोजले आणि मग म्हणाले, “सहा.”

“तिच्या आईला काय सांगू मी?” ते शेवटी म्हणाले. त्यांनी मला बाईंच्या हातात परत दिले आणि बारकीच्या पायाशी स्टुलावर बसले.

“वाचवायला बसलोय म्हणून सांगा,” बाई म्हणाल्या. “वाचेलच असं वचन मी देत नाही. हिची मुळं अजून पूर्ण घडलेली नाहीत. औषध भरायचं आणि थांबायचं. वर्षभर खेपा घालाव्या लागतील.”

“घालू,” सलूनवाले म्हणाले.

त्या वर्षात मी त्या दाढेला किती वेळा भेटलो याची मोजदाद नाही. आधी पू काढला, औषधाने सूज उतरली. मग आत साफ करून औषध भरले, तात्पुरते बुजवले. दर खेपेला सलूनच्या दाराला पाटी लागायची, “दाढेसाठी बंद. दुपारी उघडेल.” कोणाची दाढ, असे अर्ध्या गल्लीने विचारले, आणि सलूनवाल्यांनी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळे सांगितले, आपण काय चुकीचे ऐकले होते तेही. गोळ्यांची बरणी रिकामी झाली आणि तिच्यात फुगे आले. एका छोट्या गिऱ्हाइकाने फुगा पाहून भोकाड पसरले, पण फुगा फुगवल्यावर ते थांबले. बारकी मला ‘चमचा’ म्हणू लागली. मला आधी राग आला. पुढे पुढे ती दारातूनच “चमचा कुठाय?” विचारायची, ते मला आवडू लागले.

बाईही बदलल्या. आता त्या असल्या दाढेबद्दल बोलताना मास्क खाली करून सांगतात, “ही दाढ आयुष्यभराची आहे, ती पडणार नाही,” आणि समोरच्याकडून ते वाक्य परत म्हणवून घेतात. मग कागदावर लिहूनही देतात.

वर्ष उलटल्यावर एक्स-रेमध्ये दिसले की मुळांची टोके बंद झाली आहेत. बाईंनी तो काळा कागद उजेडाला धरला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही. मग दाढेवर स्टीलची टोपी बसली. बारकीची आई त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढून आली होती. तिने आत वाकून पाहिले, टोपीवर बोट फिरवून घेतले आणि नवऱ्याला एवढेच म्हणाली, “छान झालं.”

त्याच सुमारास माझे दिवस मात्र भरत आले होते. एकदा मी हातातून निसटून फरशीवर पडलो आणि तोंडावर आडवा ओरखडा उमटला. दवाखान्यात एक छोटा कॅमेरा आला होता, पेनाएवढा; तो एकेक दात भिंतीवरच्या पडद्यावर ताटाएवढा करून दाखवतो. माझी भावंडे एकेक करून गेली होती. मला एका खणात ठेवले गेले, वाळलेली पेने आणि तुटक्या रबरांच्या शेजारी. खण उघडला की थोडा उजेड यायचा, कोणीतरी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलायचे आणि खण बंद. मी कोणाला दोष देत नाही. ओरखडा पडलेल्या आरशावर कोण विसंबणार? पण ‘आ करा’ हे शब्द बाहेरून ऐकू आले की मला अजूनही पुढे व्हावेसे वाटायचे.

बारकी तपासणीला आली तेव्हा तिने विचारले, “चमचा कुठाय?” बाईंनी पडद्याकडे बोट दाखवले. बारकी म्हणाली, “तो नाही. आमचा.” बाईंनी खण उघडला, मला शोधून काढले, वाफेच्या पेटीत घातले आणि तिच्या हातात दिले. “हा फक्त तुझ्या तोंडासाठी. दुसऱ्या कोणाच्याही नाही, बाबांच्यासुद्धा नाही,” त्यांनी बजावले.

अशा रीतीने हजारो तोंडे पाहिलेला मी आता एका तोंडाचा झालो आहे. बेसिनवरच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. सकाळी आणि रात्री ब्रश झाला की बारकी मला धुते, गालाला घासून ऊब देते आणि मोठ्या आरशासमोर उभी राहून मोजते. चारही कोपऱ्यांत सहावी आता आली आहे. बाकीच्या तिघींच्या खाचा बाईंनी वेळेतच बुजवल्या. सलूनवाले दुकानातल्या मुलांच्या तोंडात हात घालत नाहीत, पण केस झाले की त्यांना मोठ्या आरशात आ करायला लावतात आणि लांबूनच मोजतात. घरी आले की सांगतात, आज दोघांची सहावी सापडली, एकाच्या आईला समोर पाठवले. मी खिळ्यावरून ऐकत असतो.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. मी आयुष्यभर फक्त दाखवले, आणि तेही ज्याची दाढ त्याला नाही. माझे तेवढे चुकले. म्हणून आज तुम्हाला सांगतो. मागचे दात घासा, त्यांना कोणी बघत नसले तरी. रक्त आले म्हणून ब्रश सोडू नका. आणि आपल्या घरातल्या छोट्यांचे दात मोजा. पाचाच्या मागे एखादी गुपचूप येऊन उभी असेल, तर तिला दुधाची म्हणू नका.

परवा बारकीचा वरचा एक दात पडला. सलूनवाले घाबरून धावत आले. बारकी हसली. “बाबा, हा चौथा. दुधाचाच होता. याचं कामच पडायचं होतं.” तरी त्यांनी तिला आ करायला लावले आणि दोनदा मोजून घेतले.

आज सकाळी तिची आई कामावर परत निघाली. पिशवी खांद्याला लावून ती दारात थांबली आणि नेहमीसारखी म्हणाली, “जपा हं तिला.”

“कोणाला?” सलूनवाल्यांनी विचारले.

बेसिनपाशी, तोंडात फेस भरलेला असताना, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात मला धरून बारकी ओरडली, “दोघींना!”